पाण्याच्या पाळीचं संग्रहालय

आपल्या मेघाला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि एखाद्या दिवशी लोक हिला बाजारात नेऊन विकतील नि ही पिशवी धरून उभी राहील, ही काळजी निशाच्या डोक्यात पोरगी शाळेत जायला लागल्यापासून मुक्कामाला होती. आता मेघा सव्वीस वर्षांची झाली, एम.ए. झाली, क्लासवर मुलांना इतिहास शिकवायला लागली, तरी काळजीनं बिऱ्हाड हलवलं नव्हतं.

कारणंही तशीच होती. चौथीत मेघा मॉनिटर होती. बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. मेघानं सगळ्यात वर स्वतःचं नाव लिहिलं. नुसती दुसऱ्यांची लिहिली तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून. छडीही पहिली तिनंच खाल्ली. मंडईत पाठवली की पिचके टोमॅटो घेऊन यायची, आणि वर विचारायची, “मम्मी, मी नको म्हटलं असतं तर त्या आजीनं ते कुणाला दिले असते?” कॉलेजात असताना एकदा हेल्मेट आणायला गेली आणि मिक्सर घेऊन आली. विकणारा फार कळकळीनं बोलत होता म्हणे. मिक्सर चांगला निघाला, हा भाग वेगळा.

“पोरगी गरीब आहे आपली,” मेघाचे पप्पा म्हणायचे. ते वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जात, आणि घरातलं काळजीचं खातं त्यांनी लग्न झाल्या झाल्या निशाच्या ताब्यात देऊन टाकलं होतं.

“गरीब तर गाय पण असते,” निशा म्हणायची, “पण तिला शिंगं तरी असतात.”

अशा या बिनशिंगाच्या पोरीनं कॉलनीचं संग्रहालय काढायचं ठरवलं.

त्याला निमित्त झालं क्लासमधल्या एका मुलीचं. मेघानं सगळ्यांना आपापल्या वस्तीच्या इतिहासावर चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. सम्यक कॉलनीतल्या त्या मुलीनं लिहिलं, ‘आमच्या कॉलनीला इतिहास नाही. इथे कोणी राजा नव्हता. लढाया झाल्या, पण फक्त नळावर.’ मेघा हसत घरी आली आणि जेवता जेवता तिला ती ओळ टोचायला लागली. सम्यक कॉलनी म्हणजे त्यांचीच. पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून. किल्ला बघायला जाणाऱ्या गाड्या रोज कॉलनीच्या तोंडावरून जातात, पण थांबत एकही नाही. थांबलीच तर तिचं टायर पंक्चर झालेलं असतं.

“मम्मी, या शहरात दगडाला हात लावला तरी पाटी असते. आपल्याकडं एक पण पाटी नाही.”

“आहे की. ‘येथे कचरा टाकू नये.’”

“तीस वर्षांपूर्वी इथं नुसता खडक होता. लोकांनी येऊन घरं बांधली. ते सांगणारी माणसं अजून आहेत. वस्तू पण आहेत.”

विहाराला लागून एक खोली रिकामी होती. कमिटीचे सचिव सोमनाथ यांना त्या खोलीत कमिटीच्या खुर्च्या ठेवायच्या होत्या, कारण बाहेर पत्र्याखाली खुर्च्या गंजायला लागल्या होत्या. पण मेघा विचारायला गेली तेव्हा ते म्हणाले, “वापरा मेघाताई. बघू काय जमतंय.” त्या ‘बघू’मध्ये खुर्च्या बसलेल्या होत्या, हे निशाला ऐकताच कळलं. मेघाला नाही कळलं.

मेघा घरोघर जाऊन जुनी भांडी मागू लागली, आणि पहिली अडचण तिथंच आली. रिकामं भांडं घराबाहेर देऊ नये, ही रीत. त्यामुळं कुणाच्या तांब्यात शेंगदाणे आले, कुणाच्या डब्यात शेव, कुणाच्या पितळी पातेल्यात अख्खी पुरणाची डाळ. “कार्यक्रमाला तेवढंच होईल,” असं म्हणून बायका दारातच झाकण लावायच्या. घेऊन जायला मेघा. ती कुणाला नको म्हणणार? पंधरा दिवसांत संग्रहालयात मुंग्यांचा राबता सुरू झाला. आणि ही सगळी भांडी परत करताना रिकामी द्यायची नाहीत, म्हणजे ती भरणार कोण, हा हिशोब निशानं तेव्हाच मांडला. एवढी शेव तळायची म्हणजे खायची गोष्ट नव्हती.

पण खरी शान होती ड्रमांची. कॉलनीला नळ नव्हते तेव्हा टँकर यायचा. प्रत्येक घराचा एक पत्र्याचा ड्रम, त्यावर ऑइलपेंटनं नाव, आणि ड्रमांची रांग चिंचेच्या झाडापासून पार डांबरी रस्त्यापर्यंत. ते ड्रम अजून होते. नळ आले, पण पाणी आठव्या दिवशी येतं, त्यामुळं ड्रम कुणीच टाकले नव्हते.

“फुटला नाय तवर जुना कसा म्हणायचा?” केसरबाई म्हणाल्या. सत्तरी ओलांडलेल्या केसरबाई कॉलनीतल्या पहिल्या रहिवासी. “ने की गं. पण पाण्याच्या दिवशी मला लागंल बरं का.”

“हो आजी, घेऊन जा ना,” मेघा म्हणाली. सगळ्यांनाच ती तसं म्हणाली.

ड्रम आले, आणि तीस वर्षांपूर्वीचं भांडण त्यांच्याबरोबर आलं. मेघाला ते टँकरच्या रांगेतल्यासारखे मांडायचे होते.

“पहिला नंबर माझा,” केसरबाई म्हणाल्या. “चिंचंखाली माझा ड्रम सगळ्यात आधी. साऱ्या कॉलनीला म्हायती हाय.”

“ड्रम आधी, पण माणूस कुठं व्हतं?” कडुबामामा म्हणाले. हे केसरबाईंचे शेजारी, मिस्त्रीकाम करून आता घरी बसलेले. “ड्रम ठिवून तुम्ही घरी जायच्या. रांगंत उभा मी. नंबर माणसाचा आसतो का ड्रमाचा?”

“ड्रमाचा. टँकरवाला काय तुमच्या पोटात पाणी भरत व्हता का?”

“उन्हात पोट जळत व्हतं ते माझंच ना पण.”

“मग पोट मांडा न्हेऊन संग्रहालयात. लई मोठं हाय, खोली भरंल.”

मेघा म्हणाली, दोघांचंही बरोबर आहे. मग तिनं ड्रम गोलात मांडले. गोलात पहिला कुणीच नसतो. निशाला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, पोरगी दिसते तेवढी गरीब नाही. पण गोल काही टिकला नाही. दारासमोर येतो तो ड्रम पहिला, हे कडुबामामांनी दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं आणि आपला ड्रम सरकवून दारासमोर आणला. दुपारी केसरबाई बघून गेल्या. संध्याकाळी दारासमोर त्यांचा ड्रम. त्या आठवड्यात ते ड्रम जात्याच्या पाळीसारखे गरगर फिरत राहिले. मेघा रोज नावांच्या चिठ्ठ्या उचलून ड्रमांच्या मागं मागं जायची.

आणि मग शनिवारी पाणी आलं.

“पाणी आलं,” असं गल्लीत कुणीतरी म्हणालं, आणि पुढच्या पाऊण तासात संग्रहालय बसलं. केसरबाईंची नात ड्रम गडगडवत घेऊन गेली, कडुबामामांनी हातगाडा आणला, पितळी घागरी, पातेली, तांबेसुद्धा आपापल्या घरी चालते झाले. निशा धावत पोचली तेव्हा मेघा स्वतः एका ड्रमला एका बाजूनं हात लावून त्याला उंबऱ्याबाहेर काढत होती.

“अगं, तू कुणाच्या बाजूनं आहेस?” निशानं विचारलं.

“त्यांना एकट्यांना उचलत नव्हता, मम्मी.”

खोलीत चिठ्ठ्या राहिल्या होत्या. ‘टँकरच्या रांगेतला पहिला ड्रम’ अशी चिठ्ठी दोन ठिकाणी होती, आणि दोन्हींच्या मागं भिंत होती.

रविवारी सगळं परत आलं. लोक शब्दाचे पक्के. पण परत आलं ते भरून. केसरबाईंचा ड्रम चार जणांनी उचलून आणला, काठोकाठ.

“आजी, पाणी कशाला?”

“रिकामा कसा पाठवू? आन् तुझी खोली गार हाय, पाणी चांगलं राहील. सांजच्याला पोरीला पाठविते दोन घागरी न्यायला.”

तेव्हापासून संग्रहालयात दिवसभर घागरींची ये-जा. सोमनाथ एकदा डोकावले, त्यांची चप्पल भिजली.

“मेघाताई, हे संग्रहालय हाय का पाण्याची टाकी?”

मेघा म्हणाली, “दोन्ही.” तिला वाटलं, दोन्ही म्हटलं की कुणालाच वाईट वाटणार नाही.

सोमनाथ माणूस वाईट नव्हता, पण खुर्च्या खरंच गंजत होत्या. ते म्हणाले, “असं करा. येत्या रविवारी दहा वाजता उद्घाटन ठेवा. पाहुणा बोलवा. चार माणसं आली, वस्तू जागेवर दिसल्या, तर मी कमिटीत सांगतो, खोली संग्रहालयाला दिली, कायमची. नाय जमलं तर सोमवारी खुर्च्या आत. मग मला नाय म्हणायचं नाय.”

पाहुणा म्हणून एका पुढाऱ्याला विचारलं होतं. गुरुवारी त्यांच्या माणसाचा फोन आला. साहेबांना जमत नाही, पण साहेबांनी बॅनर पाठवलाय. बॅनर आला तो खोलीपेक्षा मोठा. त्यावर साहेब हात जोडून हसत होते आणि कोपऱ्यात, हनुवटीखाली, संग्रहालयाचं नाव होतं. मेघानं तो परत पाठवला नाही. जमिनीवर अंथरला, ओल लागू नये म्हणून.

तेवढ्यावर भागलं असतं. पण शुक्रवारी दुपारी निशा भांडी घासता घासता बोटांवर दिवस मोजायला लागली. पाणी आलं शनिवारी. पाळी आठव्या दिवसाची. शनिवार सोडून आठवा दिवस म्हणजे रविवार. आणि त्यांच्या गल्लीचं पाणी सुटतं ते दहाच्या सुमारालाच. तिच्या हातातली कढई तिथंच राहिली. पुढचं सगळं तिला डोळ्यांसमोर दिसलं. सोमनाथ येणार, खोलीत मेघा एकटी, अंगावर चांगली साडी, हातात कात्री, भोवती नुसत्या चिठ्ठ्या, आणि सगळी कॉलनी आपापल्या घरी नळाला पाइप लावून बसलेली. त्यांचा तरी काय दोष? आठ दिवसांच्या पाण्यापुढं फीत कापायला कोण येईल? निशा स्वतः आली असती का, हे तिला स्वतःलाही छातीवर हात ठेवून सांगता येईना.

ती तशीच ओल्या हातानं आत गेली. मेघा जमिनीवर बसून चिठ्ठ्या नव्यानं लिहीत होती. केसरबाईंनी सांगितलेलं एका चिठ्ठीवर उतरवलं होतं, ‘टँकरचा हॉर्न वाजला की मी तव्यावरची भाकर तशीच ठेवून पळायचे. त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यांनी एका बाजूनं जळालेल्या भाकरी खाल्ल्या.’

“मेघा,” निशा खाली बसत म्हणाली, “रविवारी पाण्याची पाळी आहे.”

“माहीत आहे.”

“कुणी येणार नाही गं.”

“माहीत आहे.”

“मग सोमनाथभाऊंना आजच सांगून टाक ना, नाही जमत म्हणून. देऊन टाक खोली. एवढ्या लोकांत शोभा कशाला? तू शांतपणे त्या प्राध्यापकीच्या परीक्षेचा अभ्यास कर, पोरांना शिकव. सोड हे.”

मेघानं पेनाला टोपण लावलं. आईकडं बघितलं नाही. म्हणाली, “नाही.”

निशाला वाटलं, दुसरं कुणी बोललं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

“काय म्हणालीस?”

“नाही सोडणार, मम्मी. कुणी नाही आलं तर मी एकटी फीत कापीन. पण माझ्या हातानं नाही देणार खोली.” आणि टोपण काढून ती पुढची चिठ्ठी लिहायला लागली.

निशा उठून परत मोरीत आली. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी जीव टांगणीला लागला होता, तो शब्द शेवटी पोरीच्या तोंडून निघाला. तिनं खरं तर साखर वाटायला हवी होती. पण काळजी जात्याच चिवट. तिनं नुसती कूस बदलली. जन्मात पहिल्यांदा पोरगी नाही म्हणाली, आणि रविवारी तेच तोंडघशी पडलं, तर ती दुसऱ्यांदा म्हणेल का? कधीच नाही. पुन्हा पिचके टोमॅटो, पुन्हा मिक्सर. आणि उद्या कुणी नवरा असाच कळकळीनं बोलून गळ्यात पडला तर?

ती कढई घासत राहिली. घासता घासता तिच्या मनात आलं, पुढारी नाही आला ते बरंच झालं. तो आला असता तरी बायकांनी खिडकीतनंच बघितलं असतं. ज्याच्यासाठी या कॉलनीतली यच्चयावत दारं उघडतात असा माणूस एकच. पाणी सोडणारा सांडूभाऊ. मोटरसायकलला व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी बांधून तो गल्लीत शिरला की दूध उतू जाऊ देऊन बायका ओट्यावर येतात. आजारी सासवासुद्धा उठून बसतात.

निशाचा हात थांबला.

सांडूभाऊ रविवारी दहा वाजता संग्रहालयात असेल, तर तो व्हॉल्व्हवर नसेल. तो व्हॉल्व्हवर नसेल, तर पाणी नसेल. पाणी नसेल, तर ड्रम जागेवर. आणि तो खुर्चीवर बसलेला आहे तोवर कॉलनीतलं एकही माणूस उठायचं नाही, कारण तो उठला कधी आणि कुठल्या गल्लीकडं वळला, हे प्रत्येकाला बघायचं असणार. फीत कापायची, दोन शब्द बोलायचे, चहा प्यायचा, मग जाऊन पाणी सोडायचं. कुणाची घागरभर पाण्याची पण खोटी होणार नाही. तासाभरानं काय बिघडतं? आणि बिचाऱ्याला इतक्या वर्षांत कुणी शिव्यांशिवाय काही दिलंय का? ज्या ड्रमांचं हे संग्रहालय, त्यांत आता पाणी पडतं ते त्याच्याच हातानं. तो नाही तर त्या खोलीत पाहुणा म्हणून कोण शोभेल?

लगेच शंकाही आल्या, नाही असं नाही. त्याला वाटलं, आपली थट्टा करतात, तर? वरिष्ठांच्या कानावर गेलं, तर? शेजारच्या गल्लीला कळलं की निशानं पाणी अडवून ठेवलं, तर तिला भाजी घ्यायलाही दुसऱ्या रस्त्यानं जावं लागेल. आणि मेघाला सांगावं, तर ती म्हणेल, नको, त्यांना रविवारी त्रास. म्हणजे मेघाला सांगायचं नाही.

निशानं हात पदराला पुसले आणि मोबाइल घेतला. सांडूभाऊचा नंबर तिच्याकडं ‘पाणी’ या नावानं होता, जसा कॉलनीतल्या प्रत्येक बाईकडं असतो. फोन उचलला की तो सवयीनं म्हणणार, ‘सोडतो, सोडतो.’ म्हणून तिनं आपलं पहिलं वाक्य आधी मनात घोळवून घेतलं: सांडूभाऊ, पाण्यासाठी नाही फोन केला.

हे ऐकून तो राँग नंबर समजून ठेवून देईल, अशी एक नवी काळजी तिला लागली. तरी तिनं मोरीचं दार आतून लोटून घेतलं, आणि फोन लावला.