हुंगलेला झेंडू

आमच्या शहापूरच्या दारातला सगळ्यात मोठा झेंडू सासूबाईंनी देवासाठी हेरला होता आणि एका कोळ्याने स्वतःसाठी. ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा कोळी, पुढचे पाय खेकड्यासारखे पसरून बसलेला. असला कोळी जाळं विणत नाही. फुलावर दबा धरतो आणि काही दिवसांत फुलाचाच रंग घेतो, असं मी वाचलं होतं. तो पिवळा होताना मला रोज टिपायचा होता. मोबाईलला चिमट्याने अडकवायचं भिंग आणलं होतं. फूल तेवढं झाडावर राहायला हवं होतं.

"थोडे दिवस ते फूल तोडू नका," मी म्हटलं.

"रोप माझ्या लेकीनं दिलंय मुरबाडवरून," सासूबाई परडी धूत म्हणाल्या. "कोळ्याला रंग चढंपर्यंत देवानं थांबायचं काय?"

वाद घालायला मला वेळ नव्हता, दुकान उघडायचं होतं. मी त्यांच्यासमोर वाकले आणि नाक खुपसून फूल हुंगलं. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. विषय संपला.

संपला नाही, कारण नाकावर काहीतरी चालायला लागलं.

"आता तुझ्या नाकाचा रंग घेईल तो," सासूबाई म्हणाल्या.

मी त्याला बोटावर घेऊन परत फुलावर सोडलं आणि फोटो काढला. हलला. दुसऱ्या दिवशी देठाला दोरीवरचा कपड्यांचा चिमटा लावून काठीला बांधलं, श्वास रोखला, गुडघे चिखलात टेकले. मग फोटो जमायला लागले. कोळी हळद घातलेल्या दुधासारखा दिसू लागला. सासूबाई मात्र परडी घेऊन माझ्याकडे न बघता पुढे जायच्या.

एके दिवशी पहाटे कुंपणाशी सळसळ ऐकू आली. शेजारच्या काकू रोज आपल्या देवासाठी आमची फुलं नेतात. त्यांचा हात थेट माझ्या झेंडूवर होता. मी चप्पल शोधेपर्यंत सासूबाई अंगणात पोचल्या होत्या.

"हात नको लावू गो! आमच्या सुनेनं हुंगलंय ते."

"मंग बाजूची घेते."

"ती पण हुंगलीत. येक नाय सोडलं. तिला खोडच हाय."

काकूंनी विंचू चावल्यासारखा हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघत निघून गेल्या. त्या वळणापलीकडे गेल्यावर सासूबाईंनी बाजूची सगळी फुलं तोडून परडीत टाकली. मोठं तेवढं ठेवलं.

त्याच सकाळी कोळी पुरता पिवळा झालेला सापडला. मी फोटो काढून धावत देवघरात नेला. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"कोळी कुठाय?"

"त्यातच आहे. दिसत नाही, तीच तर गंमत."

"इतके दिवस देवाला फूल दिलं नाय," त्या म्हणाल्या, "आन् दाखवतेस काय, तर झेंडू!"