लाल समुद्रातली वऱ्हाडी

आमच्या घरात लिंबू-मिरचीसुद्धा टांगत नाहीत. मी भोपाळमध्ये एका शाळेत केमिस्ट्री शिकवते आणि भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाते. तेव्हा खाली कमेंटमध्ये ‘घाबरट बाई दिसते’ असं लिहिणार असाल तर कृपया वाचूच नका.

माझे आजोबा सरकारी नोकरीनिमित्त नागपूरहून इकडे आले. आई अजूनही घरात वऱ्हाडीच बोलते. प्रशांत, माझा नवरा, पुण्याचा. इंजिनिअर, बदली होऊन आलेला. आमच्या वऱ्हाडी बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात याची त्याला भयंकर चीड. ‘बाई आहेस की बाप्या?’ हे लग्नापासून ऐकतेय. म्हणून त्याच्यासमोर मी वऱ्हाडी बोलणंच सोडलं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही इजिप्तला गेलो. हुरघाडाला लाल समुद्राच्या किनारी हॉटेल, एक दिवस लक्सरची देवळं, दुसऱ्या दिवशी बोटीतून प्रवाळ बघायला डायव्हिंग.

लक्सरला भर दुपारी देवळाच्या दाराबाहेर काळ्या झग्यातली एक म्हातारी मण्यांच्या माळा विकत होती. तिनं हसत एक माळ माझ्या गळ्यात घातली. प्रशांत उन्हानं आधीच वैतागलेला... त्यानं ती खेचली. दोरा तुटला, मणी मातीत.

“हटो यहाँ से!” तो ओरडला.

म्हातारीनं मण्यांकडे बघितलंही नाही. त्याच्याकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाली —

“उद्या पान्यात उतरशीन नं? मी धरतो तुले. सोडत नाही.”

मी जागच्या जागी थिजले. हे शब्द, हा हेल... माझ्या आईचा! प्रशांत मात्र काही न ऐकताच पुढे निघाला होता. मी गाईडला विचारलं, ही काय म्हणाली? तो खांदे उडवत म्हणाला, “अरबीमध्ये शिव्या देतेय मॅडम. चला.”

प्रशांतला मी यातलं काही सांगितलं नाही. कसं सांगणार? हसला असता. संध्याकाळी एवढंच म्हटलं, “उद्या डायव्हिंग नको करूस ना.”

“का? तुला पोहता येत नाही म्हणून मीही किनाऱ्यावर वाळू मोजत बसू?”

दुसऱ्या दिवशी मी बोटीवर थांबले. पाणी इतकं नितळ की खालचे मासे दिसत होते. प्रशांत ट्रेनरबरोबर खाली गेला. थोड्या वेळातच पाणी खवळल्यासारखं झालं आणि ट्रेनर त्याला ओढत वर आला. हवेची नळी तोंडातून निसटलेली, ओठ निळे. डेकवर पालथा पडून तो खारं पाणी ओकत होता.

ट्रेनर हादरला होता. “खाली नुसती वाळू होती,” तो इंग्रजीत सांगत होता, “पाय अडकायला काहीच नव्हतं. पण मी खेचूनही तो वर येईना!”

प्रशांतनं माझं मनगट पकडलं.

“एक बाई होती. पाय धरला होता. कानात बोलत होती.”

“पाण्याखाली?”

“हो! पण बाई असून ‘धरतो’ का म्हणत होती? आणि ‘तुले’... ‘तुले’ म्हणजे ‘तुला’ ना?”

मी मान हलवली. त्यानं माझं मनगट असं झिडकारलं, जणू मीच त्याला खाली ओढलं होतं.

“तुमचीच भाषा आहे ती,” तो म्हणाला. “काय केलंस तू?”

मग मी लक्सरचं सगळं सांगितलं. त्याला ते खरं वाटलं, हेच वाईट झालं.

भोपाळच्या डॉक्टरांनी फुप्फुसं, कान, सगळं तपासलं. म्हणाले, पहिलाच डाइव्ह होता, घाबरून भास होतात. ठीक. पण भासाला वऱ्हाडी कोणी शिकवली? आणि त्या म्हातारीला?

मागच्या रविवारी भोपाळच्याच मिसरोदहून आई आमच्या आनंद नगरच्या घरी आली होती. जेवली, निघाली. चपला घालून दारात वळली आणि म्हणाली, “येतो बरं जवाईबापू.”

प्रशांतनं तिच्या तोंडावर दार लावलं. कडी घातली आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला, घामानं थबथबलेला.

बाहेरून आई विचारत होती, “काय झालं व? माह्यं काही चुकलं काय?”

आणि तो दात ओठ खात मला म्हणाला, “तिला सांग, बोलू नको म्हणावं.”