विजेचा पंखा बसवला त्या वर्षी

आमच्या वस्तीत एकच मोटार होती. वर्षभर ती माझ्या थोरल्या चुलत्यांची, म्हणजे नानांची असायची आणि एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवशी सगळ्यांची व्हायची. नाना साखर कारखान्यात ड्रायव्हर होते. कारखान्याने विलायती साहेबाच्या काळातली ती काळी, गोल पाठीची गाडी भंगारात काढली तेव्हा नानांनी ती उचलली आणि श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या गावी आणली. गावात बौद्धवस्तीतल्या माणसाची ती पहिली मोटार. तिच्या टपावर तसबीर ठेवून मिरवणूक काढायची ही पद्धत माझ्या जन्माआधीच पडली होती.

गाडीला एक खोड होती. तिचा चार पात्यांचा लोखंडी पंखा पट्ट्याने इंजिनाला बांधलेला. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखाही मंद. काष्टीच्या रस्त्याला लागली की गाडी थंडगार धावायची. मिरवणुकीत मात्र तिला माणसाच्या पावलाने चालावं लागे. पुढे लेझीम, मागे बायका, वर ऊन, आणि आत पंखा आळसावून गरगरतोय. वस्तीतून निघालेली गाडी मारुतीच्या चौकात पोचेपर्यंत तापमानाचा काटा तांबड्यात जायचा आणि रेडिएटर उकळायला लागायचा. नाना गाडी बंद करायचे, बॉनेट उघडायचे, मिरवणूक थांबायची.

पहिल्या वर्षी असंच झालं तेव्हा चौकात सगळे अडून राहिले, असं वडील सांगत. पाणी मागायचं कुणाकडे? त्या चौकातल्या दारांनी आमच्या माणसांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलेलं होतं, तेही लांब उभं करून. तेव्हा समोरच्या माडीच्या घरातली बाई भरलेली घागर घेऊन पायऱ्या उतरली आणि तिने ती घागर सरळ नानांच्या हातात दिली. नाना आधी त्या घागरीतलं पाणी स्वतः प्याले, मग इंजिन जरा निवल्यावर त्यांनी ते गाडीला घातलं. त्यानंतर दर वर्षी गाडी तिथेच तापायची आणि ती बाई घागर भरून पायरीवर उभी असायची. मला आठवतं तेव्हा ती म्हातारी झाली होती. सगळे तिला आजी म्हणत.

मी पत्रकांवर वाढलो. वडील प्राथमिक शिक्षक. प्रत्येक सभेतून, प्रत्येक मोर्चातून ते पत्रकं आणायचे आणि ट्रंकेत ठेवायचे. मला गोष्टी हव्या असल्या की ती ट्रंक उघडायची. लाल, पिवळ्या, गुलाबी कागदावरची ती भाषा माझ्या तोंडात इतकी बसली की मी भाकरी मागितली तरी मागणीपत्र वाचल्यासारखं वाटायचं, असं आई म्हणे. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागलो. घागरीची ही प्रथा मला लहानपणापासून टोचत होती. पाण्याच्या हक्कासाठी झगडलेली माणसं आम्ही, आणि जयंतीच्याच दिवशी आमची गाडी त्यांच्या दारात झाकण उघडून उभी.

एका वर्षी ते टोचणं उघडं झालं. आजीचा धाकटा मुलगा कट्ट्यावर चार मित्रांबरोबर बसला होता. गाडी वाफ सोडत थांबली तसा तो मोठ्याने म्हणाला, “ह्यांची गाडी बी पानीच मागती.” कट्टा हसला. आजी घागर देत होती, तिने ऐकलं की नाही कळलं नाही. नानांनी ऐकलं आणि ते नेहमीसारखं पाणी प्याले. माझी कानशिलं तापली. मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. त्यातलं एक वाक्य वस्तीतल्या पोरांना पाठ झालं: ज्या दारातून आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं गेलं, त्या दाराशी आमची गाडी यापुढे उभी राहणार नाही.

वाक्य झालं, आता गाडीचं काय करायचं? नगरच्या भंगार बाजारात नव्या छोट्या गाड्यांचे विजेवर चालणारे पंखे मिळायला लागले होते. इंजिन मंद असो की बंद असो, बटण दाबलं की पंखा पूर्ण वेगाने फिरतो. मी त्यातला एक आणून नानांपुढे ठेवला तेव्हा मला वाटलं, मी वर्गात सोडवलेलं गणित दाखवतो आहे.

नाना काही अडाणी हट्टाने बोलले नाहीत. त्यांनी पंखा हातात फिरवून पाहिला. म्हणाले, लोखंडी पंख्याला वायर नाही, बटण नाही, पट्टा आहे तोवर तो फिरतोच. हा बॅटरी खाणार. जुन्या गाडीचा डायनामो मंद चालीत बॅटरी भरत नाही, वर आपला भोंगाही त्याच बॅटरीवर. मध्येच सगळं बसलं तर? मी म्हणालो, डिकीत ट्रॅक्टरची बॅटरी ठेवू. मग ते म्हणाले, दोन्ही पंखे ठेवू. पण रेडिएटर आणि इंजिनाच्या मध्ये एकाच पंख्यापुरती जागा होती, आणि पुढच्या बाजूला जाळी आडवी येत होती. एक ठेवायचा म्हणजे दुसरा काढायचा.

त्यांना खरं काय म्हणायचं होतं ते त्यांनी शेवटी एकदाच म्हटलं.

“गाडी तापती म्हनून थांबतो आपन. न्हाई तापली तर कोन थांबंल तिथं?”

“थांबायचंच नाही नाना. त्यासाठीच तर.”

“तिनं माझ्या हातात घागर दिली हुती. तू जल्मला नव्हतास.”

“दिली म्हणूनच. आपण घेणारे आणि ते देणारे, हे किती वर्षं चालवायचं?”

माझ्याकडे अजून पाच मुद्दे शिल्लक होते आणि मी ते सगळे सांगितले. जयंती समितीच्या बैठकीत पोरं माझ्या बाजूने होती. नानांनी पाना घेतला, स्वतःच्या हाताने चार बोल्ट सोडवले आणि लोखंडी पंखा काढून गोठ्यात टांगला.

त्या वर्षी मी नानांच्या शेजारी बसलो होतो. बटण डॅशबोर्डखाली, माझ्या हाताशी. वस्ती सोडल्यावर दाबलं आणि पंखा भिर्रर्र करत सुरू झाला. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. पोरांनी खिडकीतून डोकावून काटा पाहिला, पुढे-मागे बातमी गेली, लेझमीचा जोर वाढला. मी आयुष्यात इतका खूश क्वचित झालो असेन.

चौक आला. पायरीवर आजी उभी होती. घागर कमरेवर, डोक्यावरचा पदर उन्हासाठी पुढे ओढलेला. तिने घागर दोन्ही हातांत घेतली आणि एक पायरी उतरली, कारण गाडी नेहमी तिथेच थांबायची. नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी काट्याकडे पाहिलं. मला अजून वाटतं, काटा थोडा जरी वर असता तरी त्यांनी ब्रेक दाबला असता. पण थंड गाडी तापली असं दाखवणं त्या माणसाला जमणारं नव्हतं. मी म्हणालो, “चला नाना.” आणि गाडी पुढे गेली.

आरशात मला आजी दिसत होती. गाडी जरा पुढे जाऊन थांबेल असं तिला वाटलं असावं. घागर सांभाळत ती काही पावलं गाडीच्या मागे आली. मग बायकांची रांग मध्ये आली आणि ती दिसेनाशी झाली. कट्ट्यावर तिचा मुलगा बसला होता. तो नुसता हसला. तो का हसला ते मला तेव्हा कळलं नाही. मी त्याला हरवलं असं समजून चाललो होतो.

नाना त्या दिवशी आणि त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. मला ते सोसेना. चारेक दिवसांनी मी आजीच्या घरी गेलो. समजावून सांगायला गेलो होतो, माफी मागायला नाही. ती ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, “आमच्याकडून काय चुकलं का रं?”

मी पंख्याचं सांगितलं. तिला पंख्यात रस नव्हता. तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि हळू आवाजात, आत कुणाला ऐकू जाऊ नये असं, म्हणाली, “धाकटा म्हनत हुता, औंदा थांबायची न्हाईत ती. तू कशाला घागर भरतीस? मी म्हनलं, थांबत्यात. लई भांडले त्याच्याशी. तुमच्या नानाला घागर दिली त्या दिसापास्नं ह्या घरात भांडतीय मी.”

मग ती उठून आत गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली. ती परत आली नाही. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला आणि थोड्या वेळाने मी उठून निघून आलो.

मी मनाशी खूप वाद घातला. मी काय चूक लिहिलं? काहीच नाही. आजही ते वाक्य मला चूक वाटत नाही. पण त्या घरात एक बाई इतकी वर्षं एकटीने जी बाजू लढवत होती, तिची मला खबर नव्हती. मी चौकाकडे पाहिलं तेव्हा मला एक रांग दिसली, देणाऱ्यांची. तिच्यात एक माणूस आपल्या घरच्यांच्या विरुद्ध उभं आहे हे दिसलं नाही. ज्याला गप्प करायला मी पंखा बसवला, त्याचंच म्हणणं मी त्याच्या आईपुढे खरं करून दिलं.

पुढच्या जयंतीआधी मी नानांना म्हणालो, लोखंडी पंखा परत बसवू. नानांनी मान हलवली. “आता मुद्दाम तापवत न्यायची व्हय? ते सोंग हुईल. थांबायचं तर थांबायचं म्हनून थांबा.”

म्हणून मी समितीत ठराव मांडला की मिरवणूक चौकात थांबेल आणि आपण आजींच्या हातचं पाणी घेऊ. एक पोरगा उठला, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, आणि त्याने माझं पत्रक खिशातून न काढता तोंडपाठ म्हणून दाखवलं. शब्द न शब्द, माझ्याच चढ्या सुरात. मग म्हणाला, “भाऊ, हे तुमीच शिकवलं. आता गाडी थंड हाय तरी त्यांच्या दारात उभं ऱ्हायाचं?” सगळे माझ्याकडे पाहत होते. त्याला खोडून काढायचं तर मला ओसरीत ऐकलेलं सांगावं लागलं असतं, आणि आजी ज्या आवाजात ते बोलली होती, त्या आवाजात ते वस्तीभर सांगण्यासारखं नव्हतं. मी खाली बसलो. नाना कोपऱ्यात बिडी ओढत होते.

त्या वर्षी बटण दाबायला दुसरं कुणी बसलं. मी गाडीच्या बाजूने चालत होतो. चौकात पायरी रिकामी होती. आजी वर ओसरीत बसली होती, घागर कुठे दिसत नव्हती. गाडी पुढे निघाली तसा मी रांगेतून बाहेर पडलो आणि तिच्या पायरीपाशी गेलो. मला एवढंच म्हणायचं होतं, आजी, पाणी द्या. घसा खरंच कोरडा पडला होता. सोंग नव्हतं. पण मागण्यांची मी इतकी पत्रकं लिहिली होती, आणि तांब्याभर पाणी मागायला तोंड उघडेना.

मी जय भीम म्हणालो.

तिने डोळ्यांवर हात धरून मी कोण ते पाहिलं. “ऊन लई हाय,” म्हणाली. “जा, तुझी मानसं पुढं गेली.”

मी गेलो.