सारजाबाईचा अळणी नेम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. थोरला भाऊ आजारी होता तेव्हा चार दिवस त्याच्या उशाशी बसून जन्माचं सगळं बोललो, पण हे नाही. मग तुम्हालाच का? — तुम्ही माझ्या गावचे नाही, माझ्या हातचं कधी जेवला नाहीत, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ वळत नाही. आणि सगळी गोष्ट आहे ती या जिभेचीच.

मी आचारी. घनसावंगीकडून गोदावरीच्या अंगाला निघालात की लागणाऱ्या दहा-पंधरा गावांत लग्न निघालं की चूल माझी. दोनशे पानांची आमटी मी नुसत्या वासावर उतरवतो. मीठ कमी की जास्त, ते सांगायला मला पळीभर चाखावी लागत नाही. लोक म्हणायचे, रंगनाथाची जीभ म्हणजे सोनाराचा तराजू. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही आवडतं.

या जिभेमुळेच बाबांनी मला जवळ केलं. बाबा नदीपलीकडून आमच्या गावात आले आणि इथेच त्यांनी आपला पंथ काढला. पंथ तो केवढा, साठ-सत्तर घरांचा. मूर्ती नाही, टाळ-मृदंग नाही, फक्त नेम. कुणी बोलायचं सोडायचं, कुणी चप्पल, कुणी गादीवर झोपणं. अमुक दिवस नेम पाळ, तुझं अमुक काम होईल, असं बाबा वचन द्यायचे. आणि प्रत्येक नेमाला एक साक्षी असायचा. नेम पाळला की मोडला हे तो साक्षी सांगणार, आणि त्याचा शब्द शेवटचा. त्यावर कुणी बोलायचं नाही, खुद्द बाबांनीही नाही. असा कायदा त्यांनीच घातला होता.

अळणी नेमाचा साक्षी मी. ज्या घरात मीठ सोडलंय तिथे दर सोमवारी दुपारी जेवायला जायचं आणि चाखून सांगायचं. मला लोक चाखणारा म्हणायचे. मीठ उंबऱ्याच्या आत येता कामा नये, मिठाची बरणीसुद्धा शेजारी नेऊन ठेवायची, इतका तो नेम कडक होता.

बाबांच्या पाठीमागे बोलणारे होतेच. याचं काम झालं नाही, त्याच्या विहिरीला पाणी लागलं नाही, नुसत्या बाता आहेत — बाजारात असं काही कानावर आलं की मी हातातला झारा खाली ठेवून भांडायला उभा राहायचो. विहिरीला पाणी लागेल म्हणाले होते, कधी लागेल ते कुठे म्हणाले होते? असं माझं चालायचं. समोरचा गप झाला की मला काय वाटायचं सांगू? बाबा जिंकले असं नाही वाटायचं. मी जिंकलो असं वाटायचं.

आता सारजाबाई. — इथे आलो की माझी गाडी अडते. पण सांगतो.

सारजाबाईचा नवरा गणपत रझाकारांच्या धामधुमीत नाहीसा झाला. अंबडच्या बाजाराला म्हणून बैल घेऊन निघाला तो परतलाच नाही. बैल तिसऱ्या दिवशी आपले आपण घरी आले. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, लपून राहिलेली माणसं एकेक करून घरी आली. गणपत काही आला नाही. तेव्हा सारजा असेल पंचविशीची. मूल नाही. घरात ती आणि सासू, बस.

पुढच्या पाडव्याला ती बाबांसमोर आली. बाबांनी तिला वर्षाचा अळणी नेम दिला. म्हणाले, या पाडव्यापासून त्या पाडव्यापर्यंत तुझ्या उंबऱ्यात मीठ येऊ देऊ नको, गणपत घरी येईल. सगळ्यांदेखत म्हणाले. मीही ऐकलं.

वर्षभर मी दर सोमवारी तिच्याकडे जेवलो. तुम्ही कधी अळणी खाल्लंय? एक दिवस नव्हे, रोज? घास तोंडात फिरत राहतो, गिळावासा वाटत नाही. पिठलं अळणी, वरण अळणी, ठेचा नुसता जाळ. म्हातारी सासू कुरकुरायची पण खायची. सारजा मात्र एखादी पूजा मांडावी तसं ताट मांडायची. मी पहिला घास घेतला की दाराआडून विचारायची, "लागलं का, दादा?" मी म्हणायचो, न्हाई. मग ती ताट वाढून घ्यायची.

मार्गशीर्षातला एक सोमवार होता. मी तीन दिवसांचं लग्न उरकून थेट तिच्या घरी गेलो होतो. पोटात भुकेचा डोंब. तिने अंबाडीची भाजी केली होती, लसणाची फोडणी घालून. वास असा की काय सांगू. आणि घास घेतला तर — काहीच नाही. आचाऱ्याच्या उपरण्याच्या टोकाला कायम मिठाची पुरचुंडी असते, तशी माझ्याही होती; एरवी सोमवारी ती घरी सोडून यायचो, त्या दिवशी थेट आलो होतो. म्हातारी ओसरीवर पेंगत होती. सारजा पाणी आणायला मागच्या दारी गेली होती. मी गाठ सोडली आणि चिमूटभर मीठ भाजीवर टाकलं. चाटूनपुसून खाल्लं. सारजा आत आली, विचारलं, लागलं का. मी म्हणालो, न्हाई.

एवढंच. हे ऐकून तुम्ही हसाल. त्या वेळी मलाही हसूच आलं होतं.

पाडवा आला. गणपत आला नाही. पाडव्यानंतर आठ दिवसांनी सारजाचा भाऊ किसन आला. बदनापूर स्टेशनावर तो रेल्वेत खलाशी होता. आमच्या बैठकीत तो चपला न काढताच शिरला आणि बाबांच्या पुढ्यात उभा राहिला. "माझ्या बहिनीनं साल भर मीठ न्हाई खाल्लं. तुमी जबान दिल्ती. आता कुठं हाय गणपत, बराबर सांगा. न्हाई तर सांगा की म्या फसवलं." त्याच्या आवाजात चढ नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. साठ घरांची माणसं बसलेली. बाबा खाली बघत होते. त्यांनी ओठ उघडले, मिटले. पुन्हा उघडले.

त्यांना बोलू द्यायला हवं होतं. मी उठलो.

मी म्हणालो, नेम मोडलाय. म्हणालो, मी साक्षी आहे, त्या घरच्या ताटात मला मीठ लागलंय, बाईची अब्रू म्हणून आजवर झाकून ठेवलं.

बघा, यात खोटं कुठे आहे? मीठ लागलंच होतं. एकेक शब्द तोलून बोललो होतो मी. तराजूच ना. किसन माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने बायकांत बसलेल्या बहिणीकडे बघितलं. साक्षीच्या शब्दावर बोलायचं नसतं. ती फक्त आठवू लागली. मला ते दिसत होतं — ती एकेक सोमवार आठवून बघत होती.

त्या दिवशी बाबांनी मला एकट्याला बोलावलं. विचारलं, "रंगनाथ, खरंच लागलं का रे मीठ?" मी म्हणालो, हो. त्यांनी हुश्श केलं. असं हुश्श, की मी चपापलो. म्हणाले, "मी आज समद्यांपुढं कबूल करणार व्हतो. म्हणणार व्हतो, माझं चुकलं, मला काय बी ठावं नव्हतं, बाईचं तोंड बघून बोललो." मग म्हणाले, बरं झालं तू उठलास.

म्हणजे टीका करणारे मागत होते तेच ते देणार होते. पंथ मोडला असता का? कदाचित मोडला असता. कदाचित माणसं त्यांच्या पायाशी आणखी जवळ बसली असती. मला काय माहीत? ज्यांचा मी एवढा कैवार घेत होतो, त्यांना एकदा खरं बोलायचं होतं, आणि मी ते त्यांच्या तोंडातून काढून घेतलं. त्यानंतर दोन वर्षांत बाबा गेले. जाईपर्यंत आपलं वचन खरं होतं असं मानून गेले.

आणि सारजा? सासूने वर्षभर अळणी खाल्लं होतं ते पोरासाठी. आपला पोरगा सुनेच्या जिभेपायी अडला म्हणून तिने त्याच आठवड्यात चूल वेगळी केली. सुनेच्या हातचं पाणी घेईना. गावात कुणी काही बोलायचं नाही, पण हळदी-कुंकवाला बोलावणं बंद झालं. किसन न्यायला आला तर ती गेली नाही.

ती माझ्याकडे आली. तिला वाटलं होतं मी वर्षभर तिची अब्रू झाकली. माझे उपकार मानायला आली होती ती. म्हणाली, "दादा, फक्त कोनचा सोमवार ते सांगा. म्या बिलकुल न्हाई घातलं. कुठून आलं ते मला समजाया पाह्यजे."

तेव्हा तरी बोलायचं की नाही? अंगणात आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, अंबाडीच्या भाजीचा. का तो सोमवार सांगितला? खरा होता म्हणून. तिने जरा विचार केला आणि तिचा चेहरा उजळला, असा दुसऱ्या कुणाचा उजळलेला मी पाहिलेला नाही. म्हणाली, ती अंबाडी शेजारणीकडून आणल्ती, तिच्याच टोपल्यात. त्या टोपल्यात ती मीठ आणते बाजारातून. माझीच चूक, टोपलं धुवाया पाह्यजे व्हतं. मग म्हणाली, आता पुन्हा पहिल्यापासून धरते. तुम्ही येत जा सोमवारी.

मी गेलो. एक वर्ष नाही, नऊ वर्षं गेलो. बाबा गेल्यावर पंथ पांगला, बैठकीच्या जागेवर कडबा रचला गेला, तरी ती दर पाडव्याला नवा नेम धरायची. उसन्या टोपल्यातून काही आणायची नाही. बाजारातून आणलेलं सगळं तीन पाण्यांनी धुवायची, गूळसुद्धा पुसून घ्यायची. मी घास घ्यायचो. लागलं का, दादा? न्हाई. नऊ वर्षं मी तिच्याशी खरं बोललो, दर सोमवारी. आणि दर सोमवारी मनात यायचं — बाबांचं वचन खोटं असेल तर ही बाई उगाच झिजतेय. आणि खरं असेल तर? खरं असेल तर गणपत कुठेतरी वाटेत होता, आणि त्याला मी अडवला, चिमूटभर मिठाने. यातलं कुठलं एक धरू? मी दोन्ही धरून झोपतो.

गेल्या श्रावणात तिला हगवण लागली. दोन दिवसांत डोळे खोल गेले. घनसावंगीहून कंपाउंडरला बोलावलं. तो म्हणाला, अंगातलं पाणी चाललंय, गाडी जुंपेपर्यंत मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजत राहा, नाहीतर वाटेतच जाईल. त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहून पाणी कालवलं आणि वाटी आत दिली. सारजाने तोंड मिटून घेतलं.

खोलीत किसन होता, म्हातारी सासू होती, पंथातली जुनी चार माणसं होती. किसनने वाटी माझ्या हातात दिली. त्याचा माझ्यावर राग होता, तरी दिली. म्हणाला, "तुमचंच आयकंल ती." मी म्हणालो, सारजाबाई, प्या, औषधाला नेम नसतो, बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. तिने डोळे उघडले. म्हणाली, "एकदा मोडला माझ्याच्यानं, दादा. आता न्हाई मोडणार."

तिचं तोंड उघडायला एकच वाक्य पुरेसं होतं. ते या गावात फक्त मला ठाऊक होतं. तुम्ही मोडला नव्हता, मी मोडला. किती शब्द झाले? किसन माझ्याकडे बघत होता. म्हातारी बघत होती. पंथातले ते चौघे, ज्यांनी माझ्या शब्दावर त्या बाईला नऊ वर्षं वाळीत टाकल्यासारखं केलं, तेही बघत होते. मी पुन्हा म्हणालो, प्या. नुसतंच प्या. दोनदा म्हणालो, तीनदा म्हणालो.

गाडी जुंपून दारात आली तेव्हा ती गेलेली होती.

आता आमच्याकडे तिचं नाव काढतात. मरतानासुद्धा मीठ घेतलं नाही म्हणतात, नेम असावा तर असा. पांगलेले लोक तिच्या नावाने पुन्हा जमू लागलेत, बाबांचा पंथ काही खोटा नव्हता असं बोलू लागलेत. परगावचं कुणी आलं की त्याला माझ्याकडे पाठवतात, कारण शेवटपर्यंतचा साक्षी मी. ते विचारतात, बाईने खरंच कधी मीठ खाल्लं नाही? मी सांगतो, पहिल्या वर्षी एकदा मोडला होता तिने, नंतर कधीच नाही. परवासुद्धा असंच सांगितलं.