उघाडीची पाळी

शिल्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर सुकट निवडत होते. "आई, ती गेली," एवढंच मुलगा बोलला आणि मुंबईतल्या इस्पितळाचा गोंगाट मला ऐकू येत राहिला. मी फोन ठेवला, हात पुन्हा सुकटीत घातला... आणि फोन परत वाजला. मेसेज होता, वर नाव शिल्पाचं. 'आई, आज उघाडीची पाळी तुमची. बघून झालं की बटण दाबा.' चौथीपर्यंत शिकले आहे, वाचता नीट येतं. पुन्हा पुन्हा वाचलं. मला रडू आलं नाही, भीती वाटली. मेलेलं माणूस कामाला लावतंय म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? फोन टोपलीखाली झाकला, टोपलीवर पाट ठेवला आणि भिंतीला टेकून बसले.

शिल्पा माझी सून, पनवेलची. मुलगा जहाजावर असतो, त्यामुळे काशीदच्या अलीकडे, खाडीच्या आत असलेल्या आमच्या घरात वर्षाचे बरेच महिने आम्ही दोघीच. ती मुंबईतल्या एका कंपनीचं काम घरून करायची, क्वचित मांडव्याहून बोट धरून ऑफिसात जायची. शेजारणी विचारायच्या, सून काय करते? मी सांगायचे, दार लावून बसते आणि एकटीच बोलते. एकदा तिनेच मला बसवून समजावलं. त्या कंपनीतल्या माणसांचे खरे संगणक त्यांच्यापुढे नसतातच, ते दूर कुठेतरी एका मोठ्या यंत्रात असतात. माणूस घरात असो की गाडीत, आत शिरला की त्याचं टेबल त्याच्यापुढे मांडलेलं, काल ठेवलं होतं तसंच. अशी शेकडो टेबलं शिल्पा सकाळी उघडायची, संध्याकाळी बंद करायची, कुणाचं अडकलं तर सोडवायची. जेवताना डाव्या हाताने सोडवायची, ते मला बघवत नसे. पुढे तिने अशी सोय केली की माणसं यायच्या आधी टेबलं आपोआप उघडतात, गर्दी वाढली की आणखी उघडतात, रिकामी पडली की मिटतात.

"म्हणजे आपली उघाडीच की," मी म्हटलं. आमची भातशेती खाडीला लागून आहे. बांधात पाणी जायला दार असतं, ती उघाडी. भरतीला पाण्याच्या रेट्यानेच तिची झडप बंद होते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही. शिल्पा टाळी वाजवून हसली. "बघा, तुमच्याकडे आधीपासूनच आहे!" मी म्हटलं, "हाय. पण झडपेत एक काटकी अडकली तर खारं पाणी शेतात शिरतं, मग पुढची कितीतरी वर्षं भात विसर. म्हणून रोज बघायला लागतं." तिचं हसू गेलं. "मला तेच भय वाटतं, आई. आपोआप चालतं म्हटलं की कोणी बघतच नाही. बघणारी मी एकटी." बघणारी मीसुद्धा एकटीच होते. पूर्वी उघाडीला घराघराची पाळी असायची. मग पुरुष ट्रकवर गेले, कंपन्यांत गेले, आणि माझं शेत दाराशी म्हणून राहिले मी.

त्यानंतर तिने काम वाटायला घेतलं. ऑफिसातल्या एकाला फक्त अडकलेली टेबलं सोडवता येतील. दुसरी फक्त नव्या माणसाचं टेबल मांडेल. तिसऱ्याने नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. ते झाल्यावर ती घराकडे वळली. जवळच्या चार घरांत तिने उघाडीची पाळी पुन्हा लावली. ओहोटीच्या वेळा घालून असं जुळवलं की ज्याची पाळी त्याच्या फोनवर तिच्या नावाने आपोआप मेसेज, आणि बघून झालं की त्यातलं बटण दाबायचं. आणि मला काय दिलं? "आई, तुम्ही बांधावरून बघायचं. अडकलेलं काढायला बाळाराम उतरेल. तुमचा अधिकार बघण्यापुरता." बाळाराम म्हणजे शेजारचा, ट्रक चालवतो. माझं डोकंच फिरलं. "जन्म गेला माझा त्या चिखलात, आनी तू पनवेलवरनं येऊन मला शिकवतेस?" ती म्हणाली, "शेवाळावरून घसरलात तर तुम्हाला काढायला कोण येणार, खेकडे?" मी तिचं ऐकलं नाही. उतरायचे ती उतरायचेच. घरी आले की शिल्पा आधी माझ्या लुगड्याचा काठ ओला आहे का बघायची. पाळ्याही मलाच जास्त यायच्या. "म्हातारीच सापडली काय गो तुला?" विचारलं तर म्हणायची, "तुमचंच शेत जवळ आहे ना."

मग तिला पोटाचा आजार निघाला. मुलगा रजा घेऊन आला. डॉक्टर काय म्हणाले ते दोघं मला सांगत नव्हती. मला कळलं ते दाराआडून. ती फोनवर ऑफिसातल्या कोणाला तरी सांगत होती, "आता माझं नाव काढ. हो, वरचा अधिकारसुद्धा. काढ, मी बघते आहे." जेवायला बसल्यावर म्हणाली, "आई, आता मला एकही टेबल उघडता येत नाही. आणि सगळं नीट चाललंय!" हसली. आपल्या हाताने आपलं नाव पुसायला निघालेली बाई काय समजून बसली आहे, ते सांगावं लागत नाही. "आमटी वाढू?" मी विचारलं. दुसरं काही विचारायची छाती नव्हती. त्या दिवसापासून ती नुसती खोकली तरी मी दाराशी जाऊन उभी राहायचे. इस्पितळात जायला मांडव्याला बोटीत चढताना तिने मागे वळून बजावलं, "पाण्यात उतरू नका. आणि बटण विसरू नका." मी म्हटलं, "जा गो, बोट सुटेल." एवढंच आमचं शेवटचं बोलणं...

तर त्या सकाळी मी भिंतीला टेकून बसले होते आणि दार धडाधड वाजलं. "काकी गो! हाईस ना?" बाळाराम होता. मागे त्याची बायको, हाताला भाकरीचं पीठ तसंच. मी दार उघडलं तर तो मला वरपासून खालपर्यंत बघत राहिला. "बटान का न्हाय दाबलंस? जीव घेशील मानसाचा!"

"तुला काय करायचंय? पाळी माझी हाय."

"तू न्हाय दाबलंस की मला येतो ना मेसेज," म्हणत त्याने फोन माझ्यापुढे धरला. वर शिल्पाचंच नाव. 'आधी आईंकडे जा. मग उघाडीवर.'

पाळ्या मलाच जास्त का, ते तेव्हा कळलं.

"वैनी कशी हाय?" त्याने विचारलं.

"गेली," मी म्हटलं. तो उंबऱ्यावरच बसला.

आता मुलगा परत जहाजावर गेला आहे. कंपनीची माणसं संगणक घेऊन गेली, तिचं टेबल रिकामं आहे. मेसेज जातात की नाही ते बघायचं काम तिने बाळारामच्या बायकोला शिकवून ठेवलं होतं, ती बघते. जाण्याआधी मुलगा म्हणाला, "आई, मेसेजवरचं नाव बदलू का? तू घाबरतेस." घाबरतेच. फोन वाजला की आधी तिच्या खोलीकडे मान वळते. उद्या मी पडले तर, हे एकट्या घरात रोज मनात येतं. पण नाव राहू दे म्हटलं.

परवा बांधावर गेले तर झडपेत माडाची झावळी अडकलेली. भरती लागत होती, पाणी आत यायला लागलं होतं. एक पाय खाली टाकला असता तर हाताला लागली असती. पदर खोचलासुद्धा... मग बाळारामला फोन लावला आणि तो येईपर्यंत बांधावर उभी राहिले. पाणी आत येताना बघत नुसतं उभं राहणं फार वाईट. तो आला, चिखलात उतरला, झावळी ओढून काढली. झडप आपटून बंद झाली तेव्हा मी बटण दाबलं.

घरी येऊन तिच्या खोलीच्या दारात उभी राहिले. लुगड्याचा काठ कोरडा होता.