नाव न छापलेली बातमी

कालिंदीताई जन्मल्या, वाढल्या, संसाराला लागल्या त्या कलकत्त्यातच. मराठी मंडळाचं चार पानी मासिक पत्रक त्या एकट्या काढत. बारशी, बदल्या, नाटकाच्या तालमी, सगळं त्यांच्याच हातानं स्टेन्सिलवर उतरायचं.

१९७३च्या डिसेंबरात त्यांनी एक वेगळी बातमी घातली. बँकेच्या कचेरीतल्या एका मुलीनं आपल्या साहेबावर अतिप्रसंगाची फिर्याद केली होती. मुलीची अब्रू राहावी म्हणून ताईंनी तिचं नाव गाळलं. गुन्हा शाबीत व्हायचा होता, म्हणून साहेबाचंही गाळलं. ‘बालीगंजमधील एक मराठी बँक अधिकारी’ एवढंच लिहिलं. आपण फार जपून लिहिलं, असं त्यांना वाटलं.

बालीगंजात मराठी बँक अधिकारी होते दोनच.

आठवड्याच्या आत त्यांतले चारुदत्त दारात उभे.

“ताई, नाव छापा.”

“निकाल लागायचाय अजून. उद्या ते निर्दोष सुटले तर?”

“आणि मी? माझ्यावर खटलाच नाही, मग मी सुटणार कसा? परवा बाजारात मंडळातल्या श्यामलाबाईंनी माझ्या बायकोला, हेमाला, ओळखसुद्धा दिली नाही. निदान ‘तो चारुदत्त नव्हे’ एवढं तरी छापा!”

“तसं छापलं की दुसऱ्यांचं नाव छापल्यासारखंच की हो.”

“म्हणजे त्यांची अब्रू झाकायला माझी उघड्यावर! छान न्याय आहे तुमचा.”

चहा न घेताच ते गेले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र त्या दोन्ही अधिकाऱ्यांच्या घरी स्वतः जाऊन करून आल्या. त्या मुलीवर आपण अन्याय तर करत नाही ना, असं मनात येऊन गेलं. पण साहेबाच्या बायकोनं काय केलं होतं?

दोघी आल्या. ताईंनी त्यांना शेजारी शेजारी बसवलं. तेवढ्यात श्यामलाबाईंनी विचारलंच, “काय गं हेमा, ते कोर्टाचं मिटलं का?”

‘ते आमचं नव्हेच’ एवढं म्हटलं असतं तरी हेमा मोकळी झाली असती. शेजारी बसलेल्या साहेबाच्या बायकोनं मान खाली घातली. तिच्या मुठीत तिळाची वडी चुरली.

“निकाल लागेल तेव्हा कळेल,” हेमा म्हणाली आणि वाणासाठी तिनं पदर पुढे केला.

तिची तिथंच माफी मागावी, असं ताईंच्या अगदी ओठांवर आलं. पण चारचौघींत माफी मागणं म्हणजे शेजारणीकडे बोट दाखवणंच झालं असतं. त्यांनी मुकाट्यानं पुढचीला कुंकू लावलं.