नोडोण म्हणजे बघू

माझ्या वडिलांनी आयुष्यात मला एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही. ‘हो’ही म्हटलं नाही. जयनगरात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकापासून घरच्यांपर्यंत सगळ्यांना त्यांचं एकच उत्तर असे: नोडोण. म्हणजे कन्नडमध्ये ‘बघू या’. कन्नड माणूस शेवटचा अकार नीट उच्चारतो. चार पिढ्या इथे काढलेली आमची मराठी तोंडं तो गिळून टाकतात. बी.ए. झाल्यावर मी विचारलं, पुढे शिकायला म्हैसूरला जाऊ का? नोडोण. अर्जाची मुदत संपली, मैत्रिणी गेल्या, माझं घोंगडं भिजतच राहिलं. नाही म्हणाले असते तर कडाकडा भांडले असते. ‘बघू’शी कोण भांडणार?

पुढे तोच शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला. मी चिडकी बाई आहे, भाजीवाल्याशी, बँकेशी, शेजाऱ्यांशी एक घाव दोन तुकडे करते. पण प्रश्न घरातल्या माणसाचा असला की नोडोण.

जपानी माहजाँग मला मुलीने शिकवलं. नवरा गेल्यापासून बसवनगुडीच्या घरात आम्ही दोघीच. दर रविवारी ती एचएसआर लेआउटला एका कॅफेच्या माडीवर खेळायला जायची. मी घरी भिंतींशी बोलायला लागेन या भीतीने तिने मलाही ओढून नेलं. “रमी येते ना? मग हेही येईल,” म्हणाली. निव्वळ फसवणूक! चार माणसं, प्रत्येकापुढे तेरा सोंगट्या, एक उचलायची, एक टाकायची, इथवर रमी. पुढे नियमांचं जंगल. सोंगट्यांवरच्या गोलांना मी टिकल्या म्हणायचे, बांबूंना काड्या, आणि चिनी अक्षरांना काहीच म्हणायचे नाही. एका काडीच्या जागी पक्षी होता. तो मोर आहे असं माझं मत अजूनही आहे.

एक नियम मात्र पहिल्याच दिवशी डोक्यात बसला. दुसऱ्याने टाकलेली सोंगटी हवी असेल तर मोठ्याने बोलावं लागतं. तीन सारख्या करायला ‘पोन’, डाव जिंकायला ‘रॉन’. मनातल्या मनात जिंकता येत नाही.

आणि माझं तर सारखं, पुटपुटत, “नोडोण.”

पुण्याहून नोकरीसाठी आलेला एक तरुण आमच्या टेबलावर असे. त्याचा हात हवेतच थांबायचा. “काकू, पोन म्हणालात का?” सगळे हसायचे. मुलगी म्हणायची, “आई, स्वल्प तोंड बंद ठेवून विचार कर ना.” मी तोंड दाबून बसायचे आणि दोन मिनिटांत परत नोडोण.

माहजाँगच्या एका स्पर्धेत आम्ही दोघींनी नावं दिली होती. तिच्या तीन आठवडे आधी, शेंगा सोलता सोलता, मुलीने विचारलं. ऑफिसजवळ एचएसआरला वेगळं घर घेऊन राहू का? रोजचा प्रवास झेपत नाही, आणि एकदा स्वतःचं स्वतः राहून बघायचंय. “तू हो म्हणालीस तरच,” म्हणाली.

“नोडोण.”

तिने मान वर केली. “आजोबांसारखं?” एवढंच बोलली आणि शेंगा सोलत राहिली. म्हैसूरची गोष्ट मीच तिला सांगितली होती, तीही रडून.

तीन आठवडे मी तो विषय काढला नाही. तिनेही काढला नाही.

स्पर्धा जयनगरातल्या एका हॉलमध्ये होती. दोन डाव हरले, एक कसाबसा निभावला. शेवटच्यात नशीब उघडलं. तेरा सोंगट्या जुळल्या, फक्त एकीची वाट. मी ‘रीची’ म्हणून तसं जाहीर केलं, पैजेची गुणपट्टी पुढे ठेवली. त्यानंतर हातात काही बदलता येत नाही, नुसती वाट बघायची. मुलीचं टेबल आधी संपलं होतं. ती येऊन माझ्या मागे उभी राहिली.

समोर तोच पुण्याचा तरुण. त्याने सहा टिकल्यांची सोंगटी टाकली. मला हवी होती ती हीच!

मी परत मोजायला लागले. डाव खरंच लागला का? चुकलं तर चारचौघांत शोभा. तोंडातून निघालं, नोडोण. तेवढ्यात पुढच्या खेळाडूने नवी सोंगटी उचलली, म्हणजे बोलायची वेळ गेली.

“काकू, रॉन म्हणालात?” समोरचा पांढरा पडला होता. स्पर्धेची पंच, एक तरुणी, आली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. खोटं बोलायला जीभही उचलावी लागणार नव्हती.

“नाही,” मी म्हटलं. “नोडोण म्हटलं.”

पंच कन्नड होती. तिने हसू दाबलं. “सरी, आंटी,” म्हणजे ठीक आहे, म्हणाली आणि खेळ पुढे सुरू करायची खूण केली.

रीचीनंतर जिंकणारी सोंगटी एकदा सोडली की त्या डावात दुसऱ्या कुणाचीही घेता येत नाही. स्वतः उचलली तरच. नंतर डावीकडच्याने तसलीच सहा टिकल्यांची सोंगटी टाकली, थोड्या वेळाने उजवीकडच्याने. पूर्ण जुळलेला हात घेऊन मी बघत बसले. वडिलांचा मला इतका राग त्यांच्या हयातीतही आला नव्हता.

घरी जाताना रिक्षात मुलगी म्हणाली, “दिसली नव्हती का तुला?”

“दिसली होती.”

“मग?”

मी म्हटलं, “घर घे.” आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

मला वाटलं, गळ्यात पडेल. पण ती नाक ओढून हळूच म्हणाली, “नोडोण.”

माझं डोकंच फिरलं. “नोडोण-बिडोण काही नाही! या महिन्यात घर बघायचं. पडद्यांची मापं घ्यायला मी येणार.” आणि थांबले असते तर कायमची थांबले असते, म्हणून त्याच दमात सांगून टाकलं, “आणि मला एकटीला राहायची भीती वाटते. खूप वाटते. तरी जा.”

तिने माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघी रडत होतो. रिक्षावाले अण्णा आरशातून बघत होते.

बघू देत.